तीन गिअर की चार

सोमवार, १२ जानेवारी १९५९. पुसद

दवाखान्याच्या नर्स विमलताईंनी आज तिथलं एक कोरं रजिस्टर दिलं. म्हणाल्या, "उकंडाभाऊ, गाडीचं रोज काय केलं ते यात लिहीत जा. पेशंटचं आम्ही लिहितो ना, तसंच. उद्या काही बिघडलं तर कुठून बिघडलं ते कळेल."

गाडीचं लिहायला मी दुसरी वही केली, ती कारखान्यात फळीवर राहील. हे रजिस्टर घरी आणलं. यात मनातलं लिहीन.

नागपूरहून नवं डिझेल इंजिन आलं. लाकडी पेटी फोडली तर आत तेलकट कागदात गुंडाळलेलं. गुलाम नबी उस्तादांनी त्याच्यावरून हात फिरवला, बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. त्यांना असं खूश मी क्वचित पाहिलं.

गाडी वीस वर्षं जुनी, मोठी अमेरिकन मोटर. जिनिंगवाल्या शेटजींनी नवी घेतली तेव्हा ही दवाखान्याला दान दिली. मागची सीट काढून आम्ही तिथं फळी टाकली, बाई आडवी नेता येते. चालवतात विमलताई स्वतः. गेल्या भादव्यात घाट चढताना तिचं पेट्रोलचं इंजिन फुटलं. आत ढाणकीकडची एक बाळंतीण होती. बैलगाडी मिळेपर्यंत ती गेली. तिच्याजवळ ताई एकट्या होत्या. त्या दिवसाबद्दल त्या बोलत नाहीत.

इंजिन आलं, पण त्याच्यासोबत गिअरबॉक्स नाही. आता सगळा घोर त्याचा.

गुरुवार, १५ जानेवारी

दोन रस्ते आहेत. एक, गाडीचा मूळचा तीन गिअरचा डबा नव्या इंजिनाला जोडायचा. मधे एक लोखंडी प्लेट कातून बसवली की झालं. हलका आहे, लोण्यासारखा पडतो, ताईंच्या हातात बसलेला आहे. दुसरा, लॉरीचा चार गिअरचा. तो जड. त्यासाठी गाडीचा तळ कापावा लागेल, मागची चाकं फिरवणारा लांब दांडा आखूड करावा लागेल. आणि प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबायचा, मधे इंजिनाचा वेग बरोबर जुळवायचा. जरा चुकलं की दातांवर दात आपटून असा कर्कश आवाज येतो की रस्त्यावरची माणसं थांबून पाहतात.

उस्तादांनी मूळच्या डब्यावर पंजा ठेवला आणि मान हलवली. "हा नाजूक हाये बेटा. पेट्रोल ढकलते, डिझल मारते. रोजचा मार हा सहन नाई करनार. लॉरीचा टाक."

मी मागून विचारलं, "पन उस्ताद, विमलताईले डबल क्लच जमन का?"

ते पाना पुसत म्हणाले, "प्लेट नवीच टाकू. जुनी कायले?"

मी क्लचप्लेटचं विचारलं नव्हतं. आजकाल ते असंच करतात. मी एक विचारतो, ते दुसरंच उत्तर देतात. माझ्या बोलण्याला किंमत नाही असं दाखवतात. राग आला, गिळला.

सोमवार, १९ जानेवारी

यवतमाळला जाऊन भंगारवाल्याकडचा लॉरीचा डबा पाहिला. झाकण उघडून एकेक दातेरी गरारी फिरवली. दात जाड, कडा शाबूत. पहिला गिअर तर असा की भिंतही ओढून नेईल. खरं सांगायचं तर मला त्यात खोड सापडली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात ताईंना सांगितलं की डबा बरा आहे, पण बसवायला दीड-दोन महिने जातील आणि चालवायला फार जड पडेल. महिनाभरात बसला असता. मी वाढवून सांगितलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "एक विचारते. गाडी पुरुष चालवणार असता, तर तुम्ही कुठला टाकला असता?"

"हाच. तीनचा," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "मग ठीक. तुम्हाला कळतं त्यातलं."

घाटाच्या कडेला त्या गिअर चुकल्या आणि गाडी मागं सरकली, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांचं मनगट माझ्या अर्ध्या मनगटाएवढं आहे. मी त्यांच्या भल्याचंच केलं.

बुधवार, २८ जानेवारी

उस्तादांनी ऐकलं. मी फळीवर खडूनं दोन्ही डब्यांची चित्रं काढली, तीनच्या चित्रावर बोट ठेवलं. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं पाहत राहिले, मग म्हणाले, "तुह्या मनात हाच हाये तर हाच. जिम्मा तुहा."

पूर्वी ते तासभर भांडले असते. आता वाद घालत नाहीत. मला वाटतं, थकले.

उस्तादांच्या बेगम शमसुन्निसा खाला घर आणि कारखाना यांच्यामधल्या दारातून जेवायला हाका मारत होत्या. चार हाका मारल्या, तरी उस्ताद हलले नाहीत. शेवटी त्या बिचाऱ्या येऊन खांद्याला हात लावून घेऊन गेल्या. एवढा नवाबी थाट बरा नाही.

आज देवसिंग आला होता. घाटापलीकडच्या तांड्यावरचा. बायको रुपीबाई सातव्या-आठव्यात आहे. आधीचं मूल अडून गेलं होतं. कारखान्याच्या दारात उभा राहून गाडीच्या उघड्या पोटाकडं पाहत होता. "मिस्त्री, फागनापर्यंत चालन ना ही?" मी हो म्हटलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

गाडी चालू झाली! पहिल्या धक्क्याला काळा धूर, मग ठक ठक ठक असा भक्कम आवाज. अर्धी पेठ गोळा झाली. ताई हसल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शेंबाळपिंपरीच्या रस्त्यानं चार मैल नेऊन आणली. सपाटीला छान. चढावर दुसऱ्या गिअरमधे डब्यातून एक बारीक आवाज येतो. शिट्टीसारखा. जोर पडला की येतो, जोर काढला की बंद.

मी उस्तादांना गाडीत बसवलं, चढावर नेलं, तोंडासमोर बोट नाचवत विचारलं, "ऐकू येते का?" त्यांनी लांब पेचकस डब्याला लावला आणि त्याची मूठ कानाला लावायची सोडून दातांत धरली. हा नवीनच प्रकार. मग म्हणाले, "ठीक हाये. बसन हळूहळू."

तीस वर्षांचा कान आहे. नुसत्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरची वाल्व सैल आहे ते सांगायचा माणूस. ते ठीक म्हणतात तर मी कोण?

सोमवार, १६ फेब्रुवारी

शिट्टी वाढली. मी डब्यातलं तेल काढून पितळेच्या वाटीत घेतलं आणि उन्हात धरलं. तेलात चमक होती. चांदीच्या भुकटीसारखी. म्हणजे दात झिजून राह्यले.

उस्ताद पलीकडं पाठ करून एका ट्रॅक्टरच्या चाकाशी बसले होते. मी म्हटलं, "उस्ताद, तेलात चमक दिसून राह्यली." त्यांनी मान हलवली. "हो हो." वळूनही पाहिलं नाही.

त्यांना काही वाटलं नाही, म्हणजे तेवढं काही नसेल. जाड तेल टाकलं. शिट्टी दबली. ताईंना सांगितलं नाही. फळीवरच्या वहीत 'तेल बदलले' एवढंच लिहिलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

कालचं लिहायचं आहे.

काल शुक्रवार. उस्ताद मशिदीत गेलते. दुपारी देवसिंग सायकल फेकून दवाखान्यात शिरला. रुपीबाईला सकाळपासून कळा, सुईण म्हणते बाळ आडवं आहे. ताईंनी मला बोलावणं पाठवलं. "चला सोबत. इंजिन नवं आहे, वाटेत काही लागलं तर."

जाताना घाट चढलो. ताई चालवत होत्या, मी शेजारी, देवसिंग मागं. दुसऱ्या गिअरमधे शिट्टी पुन्हा सुरू. जाड तेलातूनही ऐकू येत होती. ताईंनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "नवीन दात आहेत, बसतील." नवीन दात! वीस वर्षांचे होते ते.

तांड्यावर ताई झोपडीत गेल्या, पोटाला नळी लावून ऐकलं आणि बाहेर येऊन देवसिंगला म्हणाल्या, "ठोके आहेत. उचला लवकर. पुसदला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं पाहिजे." रुपीबाईला फळीवर घेतलं. तिची सासू लालीबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

परतीचा चढ चढलो. माथ्यावरून उतरायला लागलो. डिझेल उतारावर गाडीला दाबून धरतं, आणि तो सगळा ताण दुसऱ्या गिअरच्या दातांवर. तिसऱ्या वळणाच्या आधी खाली कडकन आवाज झाला, गिअरचा दांडा ताईंच्या हाताला झटका देऊन सुटला, आणि इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला. गाडी मोकळी सुटली.

मी दोन्ही हातांनी दांडा ओढला. आत नुसता खडखडाट. ताई ब्रेक मारत होत्या, सोडत होत्या, मारत होत्या. ब्रेक जुने, गाडीत पाच माणसं आणि डिझेलचं वजन. डावीकडं दरी. मागं लालीबाई त्यांच्या बोलीत काहीतरी मोठमोठ्यानं म्हणत होती. रुपीबाईचा आवाज नव्हता.

ताई म्हणाल्या, "हातब्रेक. हळू. एकदम नाही." मी ओढला. जळका वास आला. त्यांनी चाक उजवीकडं वळवलं आणि गाडीची कूस डोंगराच्या मुरमाला लावली. घासत, दगड उडवत, पन्नास पावलांवर गाडी थांबली. उजवं दार आत चेपलं. त्यांच्या कोपराला लागलं. त्यांनी तिकडं पाहिलं नाही, मागं वळून आधी रुपीबाईची नाडी धरली.

"कुठला गिअर लागतो?" त्यांनी विचारलं.

पहिला घेतला, डब्यात तुटके दात दळले गेले. दुसरा नाहीच. तिसरा लागला. तिसऱ्यात आणि ब्रेकवर कशीबशी खाली आलो. पण पुढं नाल्याजवळचा चढ. छोटाच आहे, पायी गेलं तर कळतही नाही. तिसऱ्यात गाडीनं अर्ध्यावर दम सोडला. पुसद तिथून सहा मैल.

मला काही सुचेना. खरंच सुचेना. ताई म्हणाल्या, "रिव्हर्स?"

रिव्हर्स लागला. त्याची गरारी वेगळी, ती शाबूत होती, आणि तो गिअर पहिल्यासारखाच जोराचा. नाल्याजवळच्या मोकळ्या जागेत धक्के मारून गाडी फिरवली. मग ताईंनी तो चढ उलटा चढवला. मान मागं वळवून, रुपीबाईच्या चेहऱ्यावरून मागच्या काचेतून बघत. मी मागं चालत हातानं वाट दाखवत होतो. देवसिंग एक धोंडा घेऊन मागच्या चाकाजवळ चालत होता. गाडी अडली की धोंडा चाकाखाली, चालली की उचलून पुढं. त्याचे डोळे माझ्याकडं येत होते. मी पाहायचं टाळलं.

वर पोचल्यावर गाडी पुन्हा सरळ फिरवली, पुढची सपाटी तिसऱ्यात काढली आणि दिवस मावळायच्या आत दवाखान्यात पोचलो.

रुपीबाई वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

रविवार, १ मार्च

ताईंकडं गेलो. त्यांच्या कोपराला पट्टी. मी काही बोलायच्या आधी त्या म्हणाल्या, "तांड्यावर नळी लावली तेव्हाच ठोके नव्हते, उकंडाभाऊ. देवसिंगला धीर द्यायचा म्हणून तसं म्हटलं होतं. मनाला लावून घेऊ नका."

तिथं त्यांचा चेहरा मी पाहिला होता. धीर द्यायचा चेहरा तो नव्हता. खरं कोणतं, ते विचारायची माझी हिंमत नाही.

तेव्हा मी सगळं सांगितलं. यवतमाळचा डबा चांगला होता हे. वेळ वाढवून सांगितली हे. तेलातली चमक. "पुरुष चालवणार असता तर मी लॉरीचाच टाकला असता."

त्यांनी कोपरावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाल्या, "चालवणार मी होते. मला जमेल की नाही, हे मला विचारायचं होतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, ३ मार्च

डबा खोलला. दुसऱ्या गिअरचे पाच दात गेलेले. ते मी उस्तादांच्या पुढ्यात कपड्यावर मांडले आणि जे मनात होतं ते ओरडूनच बोललो. "मी तुमाले आवाज ऐकवला. चमक सांगतली. तुमी हो हो म्हनलं. काहून म्हनलं?"

उस्ताद माझ्या ओठांकडं पाहत होते. डोळे पाण्यानं भरले.

दारातून शमसुन्निसा खाला आल्या. "बेटा, इनको सुनाई नई देता. दो साल हो गए. एक कान तो पूरा गया, दूसरे में बस मक्खी के माफिक. तू सामने खडा रह के बोलता तो होंट देख के समझते."

मी तिथंच जमिनीवर बसलो. पाठमोऱ्या माणसाला मी तेलाची चमक सांगितली होती.

उस्ताद म्हणाले, "मिस्त्रीचा कान गेला असं गावात कळलं तर कोन येते दुकानात? म्हनून तुलेबी नाई सांगतलं." मग हळू आवाजात, "हातानं समजते बेटा मले. बहुत समजते. पन ती शिट्टी बारीक होती. हातात आली नाई. आली नाई तर तसं सांगाले पायजे होतं मीनं. मी ठीक म्हनलं."

मला त्यांचा राग आला आणि रागाची लाजही वाटली. माझ्या गावी आम्हाला विहिरीवर चढू देत नव्हते तेव्हा या माणसानं मला आपल्या माठातलं पाणी दिलं, हातात पाना दिला. आणि दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसून त्याला नवाब म्हणत होतो.

शुक्रवार, ६ मार्च

दवाखान्याच्या कमिटीनं बोलावलं. तीन जण. अध्यक्ष म्हणाले, गाडी विकून टाकू, बाईमाणसाच्या हातात यंत्र दिलं की असंच होणार. ताई उभ्या राहिल्या तरी त्यांना बोलू देईनात.

उस्ताद पुढं झाले. "गलती माही हाये. मले..."

ते काय सांगणार हे मला कळलं. मी मधेच बोललो. "गिअरबॉक्स मी निवडला. चांगला सोडून हलका निवडला. दात झिजल्याचं कळलं तेव्हा लपवलं. ताईंनी गाडी थांबवली म्हणून पाच माणसं जिवंत आहेत. देवसिंगला विचारा."

देवसिंग दाराशी बसला होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. तो उठला. "ताई नसती तं माही रुपीबी गेली असती," एवढंच म्हणाला. माझ्याबद्दल काही बोलला नाही. त्यानं काही बोलावं अशी माझी लायकीही नव्हती.

अध्यक्ष मला म्हणाले, "मग तुझ्याच हातात परत गाडी द्यायची कशावरून?"

ताई म्हणाल्या, "दुसरा मिस्त्री आणाल तर तो ही चूक पहिल्यापासून करील. यानं करून पाहिली आहे. मला हाच हवा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

दीड महिन्याची मुदत मिळाली.

रविवार, २२ मार्च

लॉरीचा डबा यवतमाळहून आणला. तळ कापला. लेथवर दांडा आखूड केला. उस्तादांचे रोजे चालू आहेत, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तरी गाडीखालून निघत नाहीत. मी आता त्यांच्यासमोर जाऊन, तोंड उजेडात ठेवून बोलतो. आवाज मी ऐकतो, थरथर ते पाहतात. काल बेअरिंगमधे एक खडा होता, तो त्यांच्या बोटाला कळला, मला ऐकू आला नाही.

शनिवार, ४ एप्रिल

ताईंना डबल क्लच शिकवतो आहे. पहिल्या दिवशी कर्कश आवाजानं बाजारातल्या म्हशी उधळल्या. पोरं हसली. तिसऱ्या दिवशी ताईंच्या तळहाताला फोड. मी दांड्याच्या गोळ्याला कापड गुंडाळायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. कापडातून कळत नाही."

ताकद लागत नाही, हे मला आता दिसतं आहे. वेळ साधावी लागते. क्लच दाबा, मधे या, सोडा, इंजिनाचा आवाज खाली येऊ द्या, पुन्हा दाबा, टाका. आज त्यांनी चारही गिअर वर आणि चारही खाली, एकही दात न वाजवता घेतले. मी स्वतः रोज एकदा तरी वाजवतो.

गुरुवार, १६ एप्रिल

आज तांड्यावरून बोलावणं आलं. रुपीबाईच्या जावेला ताप आहे, दिवस भरले आहेत.

उस्ताद आणि मी घाटाच्या पायथ्यापर्यंत सोबत गेलो. तिथं ताईंनी गाडी थांबवली. "उतरा आता दोघं. येताना पेशंटला जागा लागेल."

मी म्हटलं, "ताई, आजचा एक दिवस येतो. पहिलीच खेप..."

"उकंडाभाऊ. उतरा."

उतरलो. गाडी चढाला लागली. उन्हात रस्ता पांढरा दिसत होता. पहिल्या वळणाआड गाडी गेली, मग फक्त आवाज. उस्ताद माझ्यासमोर येऊन उभे राहिले, घाटाकडं पाठ करून, माझ्या तोंडाकडं बघत.

"कितव्यात हाये?"

"तिसऱ्यात."

दुसऱ्या वळणाला इंजिन दमल्यासारखं झालं. मी श्वास धरला. क्लच. आवाज मोकळा. एक क्षण काहीच नाही. तो क्षण फार मोठा होता. मग खालच्या सुरात, न खरखरता, गाडीनं पुन्हा जोर धरला.

"काय झालं?" उस्तादांनी माझा दंड घट्ट धरला होता. "बोल ना बे!"

"दुसरा घेतला. साफ."

"वाजला?"

"नाई वाजला."

त्यांनी डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटले. माथा ओलांडेपर्यंत मी त्यांना एकेक गिअर सांगत राहिलो. मग आवाज पलीकडं गेला. आम्ही एका पळसाच्या सावलीत बसलो. ताई यायला तीन तास होते. दोघांपैकी कोणालाच कारखान्यात परत जावंसं वाटलं नाही.